अनोळखी फाईल उघडत नाही? आधी तिची पहिली चार अक्षरे वाचा

फॉर्म भरायची मुदत आज संपते आहे, आणि नागपुरात बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राईव्ह लावल्यावर कळते की फाईल उघडतच नाही. महाल भागातल्या डीटीपीवाल्याने लग्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली, पण फोनला ती उघडणारे अ‍ॅप सापडत नाही. आर्किटेक्टने नकाशा पाठवला, तर संगणक उलट विचारतो की ही फाईल कशाने उघडू? तक्रार एकच दिसते, कारणे मात्र निरनिराळी असतात.

अशा वेळी बहुतेक जण फाईलचे नाव बदलून बघतात, नाहीतर शोधात पहिला दिसेल तो 'कन्व्हर्टर' उतरवून घेतात. नाव बदलून सहसा काही होत नाही, आणि भलत्या कन्व्हर्टरबरोबर संगणकात नको ते शिरते. दोन्हीच्या आधी पाच मिनिटांचे एक काम आहे: फाईलच्या पोटात खरोखर काय आहे ते बघणे.

शेपूट म्हणजे वरची चिठ्ठी

फाईलच्या नावातल्या शेवटच्या टिंबानंतर जे येते, पीडीएफ, डॉकएक्स, सीडीआर, त्याला एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलचे शेपूट म्हणतात. विंडोज फक्त ते वाचून ठरवते की फाईल कोणत्या प्रोग्रामकडे द्यायची. आत काय आहे ते विंडोज तपासत नाही. तिखटाच्या बरणीवर 'साखर' अशी चिठ्ठी लावली तरी आत तिखटच राहते. नाव बदलण्याचा उपयोग एकाच प्रसंगी होतो: चिठ्ठी चुकली किंवा गळून पडली असेल तेव्हा. आयफोनच्या एचईआयसी फोटोला जेपीजी असे नाव दिले म्हणजे त्याचा जेपीजी झाला असे नव्हे.

विंडोज ओळखीच्या फाईलींचे शेपूट मुळातच लपवते, म्हणून पहिल्यांदा ते दिसू द्या. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून वरच्या 'व्ह्यू'वर जा, तिथे 'शो' आणि त्यात 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवर त्याच नावाचा चौकोन आहे, त्यावर टिक करा. ही टिक कायमची राहू द्या. 'पत्रिका.पीडीएफ' असे दिसणारी फाईल प्रत्यक्षात 'पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' असू शकते, आणि शेपूट लपलेले असेल तर हे कळायला मार्ग नाही.

पुढचे सगळे काम मूळ फाईलवर करू नका. तिची प्रत काढा आणि प्रतीवर करा.

आधी वजन बघा

फाईलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि आकार वाचा. निम्म्या तक्रारींचे उत्तर इथेच मिळते.

आकार शून्य बाइट असेल तर आत काहीच नाही. जगातला कोणताही प्रोग्राम ती उघडणार नाही, पुन्हा मागवणे हाच उपाय. शेपूट 'सीआरडाउनलोड' किंवा 'पार्ट' असेल तर ते अर्धवट राहिलेले डाउनलोड आहे, पहिले क्रोमचे आणि दुसरे फायरफॉक्सचे.

एक-दोन केबीची फाईल असेल आणि चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल, तर तो शॉर्टकट आहे. डेस्कटॉपवरून फाईल पेनड्राईव्हवर टाकताना पुष्कळदा शॉर्टकटच उचलला जातो. त्यात मूळ फाईलचा फक्त पत्ता असतो आणि तो पत्ता घरच्या संगणकातला असतो, म्हणून दुकानातल्या संगणकावर काही उघडत नाही. गूगल ड्राइव्हच्या जीडॉक आणि जीशीट फाईलींचेही तेच. मजकूर गूगलच्या सर्व्हरवर असतो, फोल्डरमध्ये दिसतो तो दुवा. ब्राउझरमध्ये तो दस्तऐवज उघडून 'फाईल', 'डाउनलोड' असे जाऊन पीडीएफ किंवा डॉकएक्स उतरवा आणि तीच पेनड्राईव्हवर न्या.

एखाद्या सरकारी पोर्टलवरून उतरवलेली पीडीएफ दोन-तीन केबीचीच भरली तर ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. सुरुवातीला 'डॉकटाइप एचटीएमएल' असे इंग्रजीत दिसले, तर ते प्रमाणपत्र नसून लॉगिनचे किंवा काहीतरी चुकल्याचे सांगणारे वेबपान आहे. सेशन संपल्यावर डाउनलोडचे बटण दाबले की पोर्टल फाईलऐवजी हे पान पाठवते आणि ब्राउझर त्याला पीडीएफ नावाने ठेवून देतो. अशा वेळी पीडीएफ रीडर बदलण्यात वेळ घालवू नका. पुन्हा लॉगिन करून लगेच उतरवा.

पहिली चार अक्षरे

बहुतेक फाईल प्रकार आपली ओळख पहिल्या काही बाइटांत लिहून ठेवतात. युनिक्समध्ये ही ओळख वाचणारी 'फाईल' नावाची आज्ञा १९७३ पासून आहे, आणि आजही लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलवर ती एका ओळीत उत्तर देते. विंडोजवर एचएक्सडी हा फुकट मिळणारा हेक्स एडिटर, म्हणजे फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम, सगळ्यात सोयीचा. फाईल त्यात ओढून टाका: डावीकडे बाइटांचे आकडे, उजवीकडे त्यांची अक्षरे. आपल्याला फक्त पहिली ओळ हवी.

एचएक्सडी नसेल तर नोटपॅडही चालेल, पण एक पथ्य पाळा: सेव्ह करू नका. नोटपॅड फाईलला मजकूर समजतो, आणि सेव्ह करताना त्याला न कळलेले बाइट बदलून लिहितो. तेवढ्याने चांगली फाईल कायमची बिघडते. म्हणूनच वर प्रतीचा आग्रह धरला.

सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे असतील तर ती पीडीएफ, नाव काहीही असो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या 'डॉक-तारीख-डब्ल्यूए' अशा नावाच्या फाईलींना कधी शेपूट नसते, कधी 'बिन' असते. पहिल्या ओळीत टक्का-पीडीएफ दिसले की नावापुढे टिंब आणि पीडीएफ लिहा, लगेच उघडेल. चिठ्ठी गळाल्याचा प्रसंग तो हाच.

'एमझेड' असेल तर तो विंडोजचा प्रोग्राम आहे. पत्रिका, बिल, नोटीस अशा नावाने आलेल्या फाईलीत ही दोन अक्षरे दिसली तर ती चालवू नका, पुसून टाका. 'आरएआर' आणि उद्गारचिन्ह म्हणजे विनरारचे गाठोडे, ते सेव्हन-झिपने सुटते. उजवीकडे नुसती कचऱ्यासारखी चिन्हे आणि डावीकडे डी० सीएफ ११ ई० असे आकडे आले, तर ती जुन्या ऑफिसच्या घराण्यातली फाईल: डॉक, एक्सएलएस, पीपीटी, किंवा आउटलुकची एमएसजी. 'एसी' आणि चार आकडे असतील तर ती ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी, आणि ते आकडे आवृत्तीही सांगतात. एसी१०१५ म्हणजे २००० चे स्वरूप, एसी१०२१ म्हणजे २००७ चे, एसी१०२७ म्हणजे २०१३ चे, एसी१०३२ म्हणजे २०१८ चे. दुकानातले ऑटोकॅड २०१० चे आणि नकाशा एसी१०३२ चा असेल तर तो तिथे उघडणार नाही. ऑटोडेस्कचे डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट आहे. त्यात नकाशा दिसतो, छापता येतो आणि जुन्या स्वरूपात बदलताही येतो.

'पीके' ही दोन अक्षरे सगळ्यात जास्त फसवतात. १९८९ मध्ये झिप स्वरूप आणणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे. पण पीके दिसले म्हणजे साधी झिपच असेल असे नाही. डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, ओडीटी, ई-पब, केएमझेड, अँड्रॉइडचे एपीके, हे सगळे आतून झिपच आहेत. म्हणून नाव न बदलता सेव्हन-झिपने फाईल 'ओपन अर्काइव्ह' करा आणि आतली नावे वाचा. 'वर्ड' नावाचे फोल्डर असेल तर डॉकएक्स, 'एक्सएल' असेल तर एक्सएलएसएक्स, 'डॉक.केएमएल' असेल तर गूगल अर्थचा नकाशा. 'अँड्रॉइड मॅनिफेस्ट' आणि 'क्लासेस.डेक्स' दिसले तर ते फोनचे अ‍ॅप आहे. लग्नपत्रिकेच्या नावाने फिरणारे एपीके असेच ओळखू येतात. पत्रिका कधीही अ‍ॅपच्या रूपात येत नसते.

सुरुवात बरोबर, तरीही उघडत नाही

पहिली अक्षरे ठीक आहेत, तरी 'फाईल डॅमेज्ड आहे' असे येते. इथे शेवट बघायचा. झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते. पीडीएफचाही पत्त्यांचा तक्ता शेवटी असतो आणि अगदी टोकाला 'ईओएफ' अशी खूण असते. डाउनलोड ९५ टक्क्यांवर तुटले तर जवळजवळ सगळा मजकूर येऊनही फाईल उघडत नाही, कारण कुठे काय आहे हे सांगणारा भागच आलेला नसतो. एमपीफोर व्हिडिओत हा तक्ता पुष्कळदा शेवटी लिहिला जातो. रेकॉर्डिंग चालू असताना मोबाइल बंद पडला तर व्हिडिओ चालत नाही, त्याचे कारण तेच.

पाठवणाऱ्याला 'प्रॉपर्टीज'मधला नेमका बाइटांचा आकडा विचारा. एमबीत विचारू नका, तो गोळाबेरीज असतो. तुमचा आकडा कमी भरला तर दोष वाटेत झाला आहे, फाईल पुन्हा मागवा. आकडे जुळले आणि तरी उघडत नसेल, तर त्याच्याकडे तरी ती उघडते का, हे खात्री करून घ्या.

प्रेसची सीडीआर: सगळ्यात जास्त डोकेदुखीची

पत्रिका, फ्लेक्स, बिलबुक, संस्थेचे अहवाल, यांच्या फाईली प्रेसवाले बहुधा कोरलड्रॉ या मांडणीच्या प्रोग्राममध्ये ठेवतात, त्यांचे शेपूट सीडीआर. सीडीआर उघडण्यात दोन वेगळ्या अडचणी असतात आणि लोक त्या एकच समजतात.

पहिली अडचण आवृत्तीची. जुने कोरल नव्या आवृत्तीची फाईल उघडत नाही. हेक्समध्ये पहिल्या चार जागी 'आरआयएफएफ' आणि नवव्या जागेपासून 'सीडीआर' दिसले तर फाईल एक्स३ किंवा त्याआधीची. 'पीके' दिसले तर एक्स४ किंवा त्यानंतरची, कारण एक्स४पासून सीडीआर झिपच्या डब्यात ठेवली जाते. याचा एक आयता फायदा मिळतो. कोरल जवळ नसले तरी अशी फाईल सेव्हन-झिपने उघडा, 'मेटाडेटा' आणि त्यातल्या 'थंबनेल्स' फोल्डरमध्ये जा. तिथे पानाचे छोटे चित्र असते. त्यावरून छपाई होणार नाही, पण ही आपलीच पत्रिका आहे की दुसऱ्याची, एवढे नक्की कळते.

जुन्या कोरलसाठी फाईल हवी असेल तर पाठवणाऱ्याने 'सेव्ह अ‍ॅज' करताना खालच्या 'व्हर्जन' यादीतून जुना क्रमांक निवडायचा. तो हाताशी नसेल तर लिब्रेऑफिस ड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये उघडून बघा. दोन्ही फुकट आहेत आणि बऱ्याच सीडीआर उघडतात. सावल्या, पारदर्शक रंग आणि ओळींची जागा हलू शकते, म्हणून वाचायला ते ठीक, अंतिम छपाईला नको.

दुसरी अडचण फॉन्टची, आणि ती जास्त घात करते. फाईल उघडते, चित्रे जागेवर असतात, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या पॅकेजांतला जो फॉन्ट प्रेसच्या संगणकावर होता तो तुमच्याकडे नसतो, आणि कोरल त्याच्या जागी दुसरा घालते. यावर खात्रीचा उपाय पाठवणाऱ्याच्याच हातात आहे. मूळ फाईल जपून प्रत काढायची, प्रतीत सगळे निवडून कंट्रोल आणि क्यू दाबायचे. मजकुराचे वळणदार आकार होतात, मग फॉन्टची गरज उरत नाही. त्यानंतर 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज' उघडून एकही फॉन्ट शिल्लक नाही ना, ते पाहायचे. ही प्रत पुन्हा टाइप करून दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे मुहूर्ताची वेळ, मंगल कार्यालयाचा पत्ता आणि सगळी नावे आधीच तपासून घ्या.

फाईल उघडते, मराठी मात्र वाचता येत नाही

हा दोष फाईल प्रकाराचा नाही, तरी तक्रार तीच येते. इथे कचऱ्याचा नमुना बघून कारण ओळखता येते.

साधी इंग्रजी अक्षरे दिसत असतील तर जुना फॉन्ट. कृतिदेवमध्ये 'नागपूर' टाइप केलेला असेल, तर फाईलीत प्रत्यक्ष साठवलेली अक्षरे यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही सहा असतात. फॉन्ट त्या यूला 'न'चे चित्र देतो, केला कान्याचे, एक्सला 'ग'चे, आयला 'प'चे, डब्ल्यूला दीर्घ उकाराचे आणि जेला 'र'चे. फॉन्ट काढून घेतला की चित्रे जातात आणि मूळ सहा इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. म्हणून तोच फॉन्ट बसवला की मजकूर जसाच्या तसा परत येतो. वर्डमध्ये त्या खिचडीवर क्लिक केले की फॉन्टच्या चौकटीत मूळ नाव दिसते, फॉन्ट संगणकावर नसला तरी. तेच नाव प्रेसला सांगा. मजकूर ई-मेल, वेबसाइट किंवा मोबाइलवर वापरायचा असेल तर त्या विशिष्ट फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत बदलणारा कन्व्हर्टर लागेल. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीच्या मजकुराला चालत नाही, कारण प्रत्येकाने कळांना वेगळी अक्षरे दिलेली आहेत. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात.

पीडीएफमध्ये मराठी छान दिसते, पण कॉपी करून चिकटवले की तीच खिचडी, हाही याच गोष्टीचा भाग. पीडीएफने फॉन्ट पोटात घेतलेला असतो म्हणून दिसायला ठीक, आतली अक्षरे मात्र जुनीच.

दुसरा नमुना: प्रत्येक अक्षराच्या जागी दोन-तीन चिन्हे आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजीतला लहान ए पुन्हा पुन्हा. हे युनिकोड आहे, पण चुकीच्या पद्धतीने वाचले गेले आहे. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांचे असते आणि पहिला बाइट कायम ई० असतो. एक्सेल त्या तीन बाइटांना तीन स्वतंत्र पाश्चात्त्य अक्षरे समजते, आणि ई०चे दर वेळी तोच ए होतो. मतदारांची किंवा विद्यार्थ्यांची मराठी यादी सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाईलीत आली की हे हमखास घडते. फाईलवर डबल क्लिक करू नका. एक्सेलमध्ये कोरे पान उघडा, 'डेटा', मग 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाईल निवडा आणि 'फाईल ओरिजिन'मध्ये '६५००१ युनिकोड यूटीएफ-८' घ्या. खालच्या नमुन्यात मराठी नीट दिसली की 'लोड' करा.

बँकेच्या एक्सएलएस स्टेटमेंटवर एक्सेल 'फाईलचे स्वरूप आणि शेपूट जुळत नाही' असे बजावते. ते बहुधा वेबपानातला तक्ता किंवा साधा मजकूर असतो आणि त्याला एक्सएलएस असे नाव दिलेले असते. स्टेटमेंट तुम्ही स्वतः लॉगिन करून उतरवले असेल तर 'येस' म्हणा आणि नंतर एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह करा.

विनमेल, आयफोनचे फोटो, सीसीटीव्ही

'विनमेल.डॅट' आली तर चूक पाठवणाऱ्याच्या आउटलुकची. त्याने मेल 'रिच टेक्स्ट'मध्ये पाठवला की आउटलुक मजकूर आणि जोडपत्रे एका गाठोड्यात बांधते, आणि ते दुसऱ्या मेल प्रोग्रामला सुटत नाही. पहिले चार बाइट ७८ ९एफ ३ई २२ असतात. पाठवणाऱ्याला मेल 'एचटीएमएल' स्वरूपात पुन्हा पाठवायला सांगा. ते शक्य नसेल तर विनमेल ओपनर किंवा थंडरबर्डमधले लुकआउट हे अ‍ॅड-ऑन ते गाठोडे सोडवते.

आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो एचईआयसीत साठवतो. पाचव्या बाइटपासून 'एफटीवायपी' आणि लगेच 'एचईआयसी' दिसते. पुढच्या फोटोंसाठी फोनच्या 'सेटिंग्ज', 'कॅमेरा', 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. आधी काढलेले फोटो मात्र खरोखर रूपांतरित करावे लागतात.

दुकानातल्या सीसीटीव्हीचे फुटेज 'डीएव्ही' शेपटाचे असेल आणि सुरुवातीला 'डीएचएव्ही' असेल, तर ते दाहुआ या कॅमेरा कंपनीच्या पद्धतीचे. त्यांचा स्मार्ट प्लेअर ते चालवतो. पोलिसांना द्यायचे असेल तर मूळ फाईल तशीच ठेवा. एमपीफोर केलेली प्रत वेगळी द्या, आणि प्लेअरही सोबत द्या.

पासवर्ड मागते म्हणजे बिघडलेली नाही

ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्माचे वर्ष, एकूण आठ. प्राप्तिकराच्या एआयएस (वार्षिक माहिती विवरण) पीडीएफला पॅन लहान अक्षरांत आणि त्यापुढे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशा आठ आकड्यांत. हे टाइप करताना स्पेस सोडू नका. आधार, पॅन, सातबारा, बँकेचे कागद असलेल्या फाईली 'ऑनलाइन उघडून देतो' म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर चढवू नका. वर सांगितलेले जवळपास सगळे काम आपल्या संगणकावर होते.

इथे हात लावू नका

एका रात्रीत सगळ्या फाईलींना तेच अनोळखी शेपूट लागले आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी सापडली, तर हा खंडणीचा व्हायरस आहे. नाव बदलून काहीही होणार नाही, आतला मजकूर कुलूपबंद झालेला असतो. आधी नेटची आणि लॅनची वायर काढा, बॅकअपची हार्डडिस्क चुकूनही जोडू नका. दुसऱ्या संगणकावरून 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर जा. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ते सुरू केले. तिथल्या 'क्रिप्टो शेरिफ'मध्ये कुलूपबंद फाईलीचा नमुना दिला की त्या व्हायरसची किल्ली उपलब्ध आहे का ते कळते. किल्ली आज नसली तरी फाईली पुसू नका, ती पुढे कधी निघू शकते. एपीके उघडल्यामुळे खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा.

पाठवणाऱ्याला काय विचारायचे

'उघडत नाही, पुन्हा पाठवा' एवढेच कळवले तर तीच फाईल तशीच पुन्हा येते. त्याऐवजी असे लिहा: 'भाऊ, तुमची फाईल मिळाली. पहिली अक्षरे पीके आहेत, आकार १,८४,३२० बाइट. तुमच्याकडे हाच आकडा आहे का? कोणत्या प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीत केली? मराठीचा फॉन्ट कोणता? मूळ फाईल राहू द्या, सोबत फॉन्टसह पीडीएफही पाठवा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.'